मोहाचे मडके आणि पंचाचा पेला

फळांचा रस, साखर, थोडे मद्य आणि वरून फसफसणारे सोड्याचे पाणी यांचे मिश्रण घरच्या घरी सिद्ध करून पाहुण्यांपुढे ठेवण्याची चाल जळगाव-धुळ्यासारख्या शहरांतील काही सुशिक्षित कुटुंबांत आता शिरली आहे. ही चाल विलायतेहून, किंवा फार तर मुंबईच्या वाटेने, आपल्याकडे आली असा समज सर्वत्र रूढ आहे. तिच्या बाजूने बोलणारे तीस सुधारणेची खूण मानतात. विरुद्ध बोलणारे परकीय व्यसन म्हणून तिचा धिक्कार करतात. उभय पक्षांचे एका गोष्टीविषयी मात्र पूर्ण ऐकमत्य असते, ते हे की, ही वस्तू मुळात आपली नव्हे. ज्या गोष्टीविषयी भांडणाऱ्या दोन्ही पक्षांचे एकमत असते ती गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकाने अवश्य तपासून पाहावी, असा आमचा अनुभव आहे. आणि प्रस्तुत प्रकरणी तर तपासणीस फार दूर जावे लागत नाही. सुरतेहून बुऱ्हाणपुरास जाणारा जुना राजमार्ग खानदेशास पश्चिमेकडून पूर्वेकडे चिरीत जात असे. या पेल्यातील बहुतेक जिन्नस, आणि बहुधा त्याचे जुने नावही, याच मार्गाच्या आसपास सापडते. फेस तेवढा बाहेरून आला; आणि तोही, पुढे दिसेल त्याप्रमाणे, पुरता बाहेरचा नव्हे. पेय कोणाचे हा वाद यामुळे बराच सोपा होतो. कठीण प्रश्न वेगळाच आहे. तेच पेय स्वतःच्या घरी करण्याचा अधिकार कोणास राहिला व कोणाचा गेला, हा तो प्रश्न होय.

प्रथम मार्गाविषयी. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो हा १६१५ च्या ऑक्टोबरअखेर सुरतेहून निघाला आणि नंदुरबार, थाळनेर, चोपडा या वाटेने नोव्हेंबरच्या मध्यास बुऱ्हाणपुरास पोचला. बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात असले तरी तेव्हा ते खानदेश सुभ्याचे मुख्य ठाणे होते, व जहांगीर बादशहाचा पुत्र परवीझ तेथे नांदत होता. रोने शहजाद्यास जे नजराणे दिले त्यांत मद्याच्या बाटल्यांची एक पेटी होती. शहजाद्याने रोस खासगी भेटीसाठी थांबवून ठेवले, पण ती भेट झालीच नाही. कारण मधल्या वेळात पेटीने आपले काम केले होते. ही हकीकत रोने आपल्या रोजनिशीत नोंदलेली आहे. इंग्रजांनी हिंदुस्थानास मद्यपान शिकविले असे म्हणणारांनी आणि त्यांनी ते आम्हांपासून उचलले असे म्हणणारांनी या पेटीचा सारखाच उपयोग करावा. पाहुणा बाटली घेऊन आला, परंतु ती रिती करण्याची विद्या यजमानास अगोदरच अवगत होती.

याच रस्त्याने पुढे ताव्हर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या गेला. नवापूरच्या तांदळास कस्तुरीसारखा वास येतो, असे त्याने कौतुकाने लिहून ठेवले आहे. मार्गाच्या पश्चिम टोकास सुरत बंदर. तेथे इंग्रज व वलंदेज यांच्या वखारी. सातपुड्याच्या व सह्याद्रीच्या उतारांवर मोहाची झाडे, आणि किनाऱ्याकडे ताड-माड. गूळ, लिंबे, जायफळ व गुलाबपाणी तर सुरतेसारख्या पेठेत कोणासही मिळावे. बिअर आणि द्राक्षांचे मद्य सहा-सहा महिने जहाजात हिंदकळून येथे येई तोवर पुष्कळदा आंबून जाई. तेव्हा वखारीतील मंडळींनी देशी अरकाकडे वळावे हे क्रमप्राप्तच होते. परंतु हा अरक नुसता घशाखाली उतरणे त्यांस कठीण गेले असावे, म्हणून त्यात आंबट, गोड आणि सुगंधी द्रव्ये मिसळण्याची युक्ती निघाली. हीच पंच नामक पेयाची जन्मकथा.

या शब्दाचा इंग्रजी कागदांतील पहिला ज्ञात उल्लेख १६३२ सालचा आहे. कोरोमंडल किनाऱ्यावरील आर्मगाव येथून रॉबर्ट ॲडम्स नावाचा कंपनीचा एक नोकर दुसऱ्यास पत्र धाडतो, त्यात पंच पिण्याचा विषय निघतो. १६३८ साली मांडेल्स्लो हा जर्मन प्रवासी सुरतेस इंग्रजांच्या वखारीत उतरला होता. तो या पेयास ‘पालेपुंट्झ’ म्हणतो आणि मद्य, गुलाबपाणी, लिंबाचा रस व साखर अशी चार द्रव्ये सांगतो. पुढे डॉक्टर फ्रायर, ज्याने शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाचे वृत्त इंग्रजी वाचकांसाठी नमूद केले तोच हा फ्रायर, गोव्याच्या अरकाविषयी लिहिताना म्हणतो की, या पेयास पंच हे नाव हिंदुस्थानी ‘पाच’ या अर्थाच्या शब्दावरून पडले, कारण त्यात जिन्नस पाच असतात. युल आणि बर्नेल यांच्या १८८६ च्या कोशात अशा प्रकारचे पुष्कळ उल्लेख जिज्ञासूस एकत्र मिळतील.

येथे आम्ही थोडा आवर घालू इच्छितो. एखादा इंग्रजी शब्द संस्कृताशी जुळला की, आमच्या पंडितांस जो हर्ष होतो त्याने आजवर पुष्कळ अनर्थ केले आहेत. पाच जिन्नस असा अर्थ फ्रायर देतो खरा, पण मांडेल्स्लोच्या यादीत चारच भरतात. पाण्याचा पाचवा धरावा तर तो कोणत्याही पेयात धरता येईल. जहाजावर मद्य साठविण्याच्या पिपास इंग्रजीत ‘पंचन’ म्हणतात, त्यावरून खलाशांनी हा शब्द घडविला, असाही एक पक्ष आहे. तो अगदीच टाकाऊ नव्हे, कारण शब्दाचा जुन्यात जुना उल्लेख दर्यावर्दी व्यापाऱ्यांच्या मंडळीत येतो. तथापि जिन्नसांच्या संख्येवरून मिश्रणास नाव देण्याची रीत आमच्याकडे घरोघरची आहे. देवाच्या अभिषेकास पंचामृत लागते आणि गणपतीच्या खिरापतीस पंचखाद्य. सुरतेच्या बाजारातील एखाद्या नोकराने साहेबाच्या पेल्याकडे पाहून ‘पंच’ म्हटले असेल, तर त्यात त्याने काही विशेष शोध लावला असे नव्हे. आमचा कल फ्रायरकडे आहे, पण या शब्दावर कोणी पैज लावील तर आम्ही हात राखून लावू. ‘टॉडी’ हा शब्द ताडीपासून आला, याविषयी मात्र संशयास जागा नाही. आणि सरबताचे व इंग्रजांच्या ‘शर्बेट’चे मूळ एकच अरबी आहे, हेही निर्विवाद. ‘कॉकटेल’ हा अमेरिकेतील शब्द या सर्वांहून पुष्कळ धाकटा. न्यूयॉर्क प्रांतातील हडसन गावच्या एका वृत्तपत्राने १८०६ साली त्याचा अर्थ दिला तेव्हा त्यात मद्य, साखर, पाणी आणि कडू अर्क ही चार द्रव्ये सांगितली. लिंबाच्या जागी कडू अर्क घातला की मांडेल्स्लोचा पेला फार बदलला असे आम्हांस वाटत नाही.

खुद्द खानदेशात इंग्रजांची वखार धरणगावी होती. ती १६७४ साली तेथे होती असा दाखला आहे. तिचा व्यापार मुख्यतः कापडाचा. पुढल्याच वर्षी शिवाजी महाराजांच्या फौजेने धरणगाव लुटले, १६७९ साली ते पुन्हा लुटले गेले, आणि १६८५ साली संभाजी महाराजांच्या फौजेनेही तेच केले. वखारीतल्या तरुण कारकुनांचे संध्याकाळचे पेले या धामधुमीत किती वेळा उपडे झाले असतील, हे वाचकांनीच कल्पावे. सुरतेच्या वखारीत जी रीत तीच तिच्या शाखांत पाळली जाई, एवढे गृहीत धरण्यास हरकत नाही. आणि धरणगावापासून सातपुडा दूर नाही. दीडशे वर्षांनंतर, १८२५ साली, याच धरणगावी लेफ्टनंट आउट्रॅमने भिल्ल पलटण उभारली. इंग्रज आणि भिल्ल यांचे या भूमीवरील नाते एकीकडे बंदुकीचे आणि दुसरीकडे मडक्याचे आहे. बंदुकीचा इतिहास पुष्कळांनी लिहिला. मडक्याकडे आता वळू.

मोह हे झाड सातपुड्यातील आदिवासींचे कल्पतरू आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. फाल्गुन-चैत्रात, पहाटेच्या वेळी, त्याची मांसल पिवळट फुले गळून पडतात आणि बायकामुले ती टोपल्यांत वेचतात. वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून अधिक भाग साखरेचा असतो. म्हणून दुष्काळात ती अन्न होतात, गुरांस ती चारा होतात, आणि पाण्यात भिजत घातली असता काही दिवसांत आंबून उकळी आल्यासारखी बुडबुडतात. मडक्यातल्या या सडव्यास चुलीवर ठेवून त्याची वाफ नळीने दुसऱ्या भांड्यात नेतात, व ते भांडे थंड पाण्याने निवते ठेवतात. जे थेंब जमतात ती मोहाची दारू. ‘पहिल्या धारेची’ हा वाक्प्रचार पांढरपेशा मराठीत ज्या तिखट अर्थाने वापरला जातो, त्याचे माहेर या भट्टीत आहे. भिल्लांच्या व पावरांच्या घरी जन्म, लग्न, मरण आणि देवकार्य यांपैकी एकही प्रसंग हिच्यावाचून पुरा होत नसे. पिण्यापूर्वी चार थेंब भुईवर सांडून देवास व पितरांस देण्याची रीत आजही पाहण्यास मिळते. व्यसनास धर्माचे पांघरूण, असे म्हणून ही गोष्ट झटकून टाकणे सोपे आहे. परंतु ज्या समाजात पेय घरी होते, ऋतूप्रमाणे होते आणि वाटून संपते, तेथे त्याचे स्वरूप दुकानातल्या बाटलीहून निराळे असते, हे मद्यनिषेधाच्या कट्टर पुरस्कर्त्यानेही मान्य करावे.

आता त्या बुडबुड्यांविषयी दोन शब्द, कारण आमच्या विषयाचा सगळा फेस त्यांतच आहे. साखर आंबते तेव्हा तिच्या पोटातून दोन पदार्थ एकदमच जन्मास येतात, मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड वायू. रसायनशास्त्राचे गणित असे की, १८० ग्रॅम द्राक्षशर्करा पूर्ण आंबली तर तिचे ९२ ग्रॅम मद्यार्क व ८८ ग्रॅम वायू होतात. म्हणजे नशा आणि फेस ही जवळजवळ समान वजनाची जुळी भावंडे होत. पैकी मोहाच्या भट्टीवाल्यास एकच हवे असते. दुसरे भावंड सातपुड्याच्या वाऱ्यावर उडून जाते. इंग्लंडात नेमका याच्या उलट प्रकार घडला. जोसेफ प्रीस्टली हा धर्मोपदेशक १७६७ साली लीड्स शहरी राहावयास आला तो एका बिअरच्या कारखान्याच्या शेजारी. आंबणाऱ्या पिपांवर जो जड वायू साचून राहतो त्यात पाण्याचे भांडे धरले असता पाण्यास एक सुखद तिखटपणा येतो, असे त्यास आढळले. पुढे त्याने खडू व गंधकाचे तेजाब यांपासून तोच वायू काढून पाण्यात भरण्याची रीत १७७२ साली पुस्तिका लिहून प्रसिद्ध केली. त्याने स्वतः तिच्यावर पैसा मिळविला नाही. तो जिनीव्हाच्या श्वेप्पे नामक गृहस्थाने मिळविला. त्याने १७८३ साली धंदा घातला आणि १७९२ साली लंडनास दुकान नेले. भिल्लाने मद्य ठेवून वायू सोडला, प्रीस्टलीने मद्य सोडून वायू घेतला. आणि या ताटातूट झालेल्या भावंडांची पुनर्भेट धुळ्या-भुसावळच्या साहेबांच्या क्लबांत, ब्रँडी आणि सोड्याच्या पेल्यात झाली.

ही भेट घडण्यास खानदेशात मात्र फार उशीर लागला, आणि त्याचे कारण आमचा उन्हाळा. वायू पाण्यात किती विरघळेल हे पाण्याच्या थंडपणावर अवलंबून असते. साध्या दाबाखाली एक लिटर पाणी शून्य अंशास सुमारे सव्वातीन ग्रॅम वायू धरून ठेवते. तेच पाणी ४० अंशांचे झाले म्हणजे एक ग्रॅमदेखील धरवत नाही. जळगावास वैशाखात पारा ४५ अंशांस टेकतो, तेथे फेसाळ पेय टिकावे कसे? त्यास दाब राखणारी बाटली पाहिजे आणि बर्फ पाहिजे. बाटलीचा प्रश्न हायरम कॉड या इंग्रजाने १८७२ साली सोडविला. त्याच्या बाटलीच्या गळ्यात काचेची गोटी असे आणि आतल्या वायूचाच दाब ती गोटी वरच्या रबरी कड्यावर घट्ट दाबून धरी. बूच नको, तार नको, आणि बाटली कितीदा तरी पुन्हा भरता येते. हीच आमची गोटी सोड्याची बाटली. तिच्या जन्मगावी ती केव्हाच नामशेष झाली; आमच्या बाजारपेठांत आणि जत्रांत मात्र ती पुढे कित्येक पिढ्या टचकन आवाज करीत राहिली. अंगठ्याने गोटी आत ढकलण्याचे कौशल्य ही एके काळी शाळकरी मुलांतील प्रतिष्ठेची बाब होती. बर्फ आणि यंत्रे आगगाडीने आणली. मुंबईची गाडी खानदेशात १८६० नंतरच्या दशकात आली, भुसावळ हे रेल्वेचे मोठे ठाणे झाले. धुळ्यास चाळीसगावाहून फाटा मिळावयास १९०० साल उजाडावे लागले. तोवर मुंबई-पुण्याकडे पारशी कारखानदारांनी सोड्याच्या धंद्यात पाय रोवले होते. ड्यूक कंपनीचा जन्म १८८९ सालचा. फळांच्या स्वादाचे, रंगीत, गोड सोडे आमच्या मध्यमवर्गास प्रथम या मंडळींनी पाजले. त्यांत मद्य नव्हते, म्हणून ते सोवळ्याओवळ्याचा थोडा कुरकुराट सोडल्यास घरात शिरले. आणि फेसाळ पेय हे पाहुण्यास देण्याजोगे असते, ही कल्पनाही त्यांच्याबरोबर शिरली.

इकडे पेला असा सजत असता तिकडे मडक्याचे काय झाले? १८७८ साली मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा झाला. सरकारी परवान्यावाचून दारू गाळणे, बाळगणे व विकणे हा गुन्हा ठरला. प्रिचर्ड नावाच्या अधिकाऱ्याच्या धोरणाने दारू गाळण्याचे काम जागोजागच्या लहान भट्ट्यांवरून काढून मोठ्या मध्यवर्ती भट्ट्यांत आणण्यात आले, म्हणजे दारूच्या प्रखरतेप्रमाणे कर बसविणे सुलभ व्हावे. विक्रीचे मक्ते धनवानांस मिळाले. दक्षिण गुजरातेत व त्याच्या आसपास ते पुष्कळसे पारशांकडे गेले. १८९२ साली तर मोहाच्या फुलांवरच स्वतंत्र कायदा झाला. त्याची धार प्रथम ठाणे-कुलाब्याकडे होती, पण फूल घरात असणे हाच संशयाचा विषय, हे तत्त्व त्याने रुजविले. हे सर्व मद्यपान कमी व्हावे म्हणून केले, असे सरकारी कागद सांगत. आमच्या मते ते तिजोरीसाठी केले. ज्यास मद्यपान कमी व्हावेसे वाटते तो गावोगाव परवाना दिलेली दुकाने काढीत नाही. परिणाम असा झाला की, स्वतःच्या अंगणातील झाडाचे फूल स्वतःच्या मडक्यात आंबविणारा भिल्ल गुन्हेगार ठरला, आणि त्याच फुलाची दारू दुकानातून उधारीवर घेणारा भिल्ल कायद्याचा आज्ञाधारक प्रजाजन ठरला. मात्र काही वर्षांत त्याचे शेत दुकानदाराकडे गेले. त्याच जिल्ह्याच्या ठिकाणी कलेक्टरसाहेबाच्या व्हरांड्यात लिंबू, साखर आणि सोडा घालून जो पेला तयार होई, त्याची चौकशी करण्याचे कोणास कारण नव्हते.

आदिवासींनी याचे जे उत्तर दिले ते फार मोलाचे आहे, आणि शहरी इतिहासकारांनी बराच काळ त्याची उपेक्षा केली. १९२२ साली पालघरकडच्या किनाऱ्यावरून निघालेली देवीची लाट डोंगराळ मुलखातून पसरत सुरत जिल्ह्यात भरली व खानदेशाच्या पश्चिम कडेसही येऊन लागली. देवी ज्याच्या अंगात येई तो सांगे की, दारू-ताडी सोडा, मांस सोडा, रोज स्नान करा, आणि पारशाच्या दुकानाची पायरी चढू नका. डेव्हिड हार्डिमन यांनी १९८७ साली या चळवळीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. तो वाचल्यावर हे केवळ भोळे अंगात येणे होते, असे कोणी म्हणू शकणार नाही. चार आज्ञांपैकी शेवटची आज्ञा सावकारीच्या मुळावर घाव घालणारी होती. पुढे १९३७-३८ च्या सुमारास तळोद्याकडे मोरवडच्या गुलाम महाराजांनी आरतीचा पंथ काढला. हजारो भिल्ल दर सोमवारी जमत आणि दारू सोडल्याची शपथ घेत. टिळकांच्या अनुयायांनी १९०८ साली पुण्यात दारूच्या दुकानांपुढे निरोधन केले, ते प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. मोरवडच्या आरतीस तेथे एक ओळ मिळत नाही, हा आम्ही पक्षपात समजतो. सुशिक्षितांनी दुसऱ्याची दारू बंद करू पाहिली. या माणसांनी स्वतःची केली.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९४९ चा दारूबंदी कायदा केला व १९५० पासून संपूर्ण बंदी लागू झाली. बालसारा नामक गृहस्थांनी तीस आव्हान दिले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली कायद्याचा मुख्य भाग राखला. औषधे व प्रसाधने यांतील मद्यार्कासंबंधीची काही कलमे तेवढी रद्द ठरविली. बंदीच्या त्या वर्षांत घरगुती, आणि दुर्दैवाने फळांचे, मद्य सर्वांत अधिक झाले. काळा गूळ, सडकी केळी, संत्र्या-मोसंब्यांची साले आणि वर नवसागर, असा हातभट्टीचा पाक प्रसिद्धच आहे. ज्यात पूर्वी कमीत कमी फूल निर्मळ होते, त्या विद्येची ही अधोगती बंदीने केली. विषारी दारूने जी माणसे मेली ती बहुधा कारखान्यातील मिथेनॉल मिसळल्याने मेली, हेही येथे सांगून ठेवतो. कारण घरी मद्य गाळून पाहण्याची उर्मी एखाद्या जिज्ञासू तरुणास झाली तर त्याने कायद्यास भ्यावेच, पण आपल्या डोळ्यांसही भ्यावे.

राहिला फळांचा पेला. त्यास भट्टीचे काही कारण नाही. आमच्या घरी उन्हाळ्यात जो होतो त्याची कृती देतो, कारण तीत वर सांगितलेला सगळा इतिहास एका घोटात येतो. दोन रसरशीत लिंबांच्या रसात सुमारे दोन ग्रॅम सायट्रिक आम्ल असते. ते अर्धा चमचा खाण्याच्या सोड्याशी गाठ पडताच अर्ध्या लिटरहून अधिक वायू सोडते. म्हणून सोडा अर्ध्या चमच्याहून थोडा कमीच घ्यावा, म्हणजे आंबटपणा शिल्लक राहील आणि खारट चव येणार नाही. रस, पाणी आणि पेला ही तिन्ही आधी बर्फात गार करावी. जांभळाचा, मोसंबीचा किंवा उकडलेल्या कैरीचा रस साखरेसह घालावा, सोडा सर्वांत शेवटी, आणि लगेच प्यावे. हे मिश्रण काचेच्या बाटलीत बूच मारून कदापि ठेवू नये, बाटली फुटते. कॉडसाहेबाची जाड काच सर्वांच्या स्वयंपाकघरात नसते. रावेर-यावलच्या केळीचा मात्र येथे उपयोग नाही. ज्या फळास २०१६ साली जळगावच्या नावाने भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा रसच निघत नाही. निघतो तो लगदा. त्यातील पेक्टिन आणि पिष्ट यांमुळे सोडा पडताच राखाडी फेसाचा डोंगर उभा राहतो व चव मागे राहते. बाजारचा सोडा वापरणाऱ्यांस एक गोष्ट कदाचित ठाऊक नसेल. आज बाटलीबंद पेयांत जो वायू भरतात, त्यातला पुष्कळसा मळीपासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांतच धरलेला असतो. भिल्लाच्या मडक्यातून जो उडून जाई तोच हा.

त्यात मद्य घालावे की न घालावे, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. आम्ही घालीत नाही, पण घालणाऱ्यास पंगतीतून उठवीतही नाही. बंदी पुढे सैल झाली, तथापि १९४९ चाच कायदा महाराष्ट्राच्या नावाने चालू आहे. २०२१ साली सरकारने मोहफुले गोळा करणे, बाळगणे व नेणे यांवरील निर्बंध उठविले. तोरणमाळ-धडगावकडचा माणूस आता फुलांची पाटी उघड्यावर अक्कलकुव्याच्या बाजारात आणू शकतो. तीच फुले त्याने घरी नेऊन मडक्यात आंबविली व गाळली, तर ते परवान्यावाचून मद्य गाळणे होते आणि त्यास शिक्षा आहे. जळगावातील परवानाधारक गृहस्थ दुकानातून बाटली आणून लिंबू, साखर आणि सोड्याचा पंच आपल्या गच्चीवर करतो, त्यास ती नाही.